मधला चौकोन

काकू, ते गाठोडं मी उघडलं आहे.

तुम्ही नको म्हणाला होतात. दवाखान्याच्या पलंगावर, नाकात नळी असताना, माझं मनगट धरून म्हणाला होतात, "बाळ हातात आल्याशिवाय त्या गोधडीला सुई लावायची नाही. शपथ घे, पूनम." मी शपथ घेतली नाही. नुसतं "हो, हो" म्हणत तुम्हाला चमच्याने पाणी पाजलं. तुम्ही आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. मनापासूनचं "हो" कुठलं आणि वेळ मारून न्यायचं कुठलं, हे तुम्हाला ओळखता आलं नसेल असं मला वाटत नाही. तरी तुम्ही माझा हात सोडलात आणि भिंतीकडे तोंड केलंत.

तुम्ही गेलात त्याला अजून महिनाही झाला नाही. तुकोगंजच्या तुमच्या घराला कुलूप आहे. एक किल्ली अजून माझ्याकडेच आहे. पुण्याहून आलेल्या तुमच्या भाच्याला ती मागायची आठवण राहिली नाही आणि मला आपणहून द्यायची इच्छा झाली नाही.

गोधडी आता माझ्या खोलीत, खिडकीखाली पसरली आहे. कडेपासून आत येणाऱ्या धावदोऱ्याच्या फेऱ्या जवळजवळ मध्यापर्यंत पोचल्या आहेत. मध्ये मात्र कापड नाही. तिथे खालच्या जुन्या साडीचं अस्तर दिसतं, मळकट पांढरं, आणि खोलीत कोणीही आलं की नजर आधी तिथेच जाते. आई तर त्या बाजूला फिरकतच नाही. पलीकडच्या भिंतीला धरून, वळसा घालून बाथरूमला जाते.

मला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं आहे. सोनोग्राफीत बाळ असायला हवं त्यापेक्षा लहान दिसतंय. "हलण्याकडे लक्ष ठेवायचं," त्या म्हणाल्या, "कम लगे तो सीधे आ जाना, फोन में टाइम मत गँवाना." पलासियातल्या लॅबमध्ये मी इतकी वर्षं दुसऱ्यांचे रिपोर्ट छापून दिले. लोक कागद हातात घेऊन काउंटरवर विचारायचे, "मॅडम, नॉर्मल है ना?" आणि मी म्हणायचे, "डॉक्टर को दिखा दीजिए." ते वाक्य घेऊन घरी जाणं म्हणजे काय ते आता कळलं.

घाबरले की मी तुमच्याशी बोलते. आधीही हेच करत होते. फरक इतकाच की आधी तुम्ही मध्येच तोडून बोलायचात.

तुमच्या दारात पहिल्यांदा आले तो दिवस तुम्ही मला किती वेळा ऐकवलात! सांवेरहून बसने, लोखंडी पेटी घेऊन, बाबांच्या मागे लपत आले होते मी. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार. आमच्या घरातल्या कोणी कॉलेजचं दार आतून पाहिलेलं नव्हतं. बाबा पायरीच्या वर चढेनात. खालूनच म्हणाले, "बाईजी, लड़की सीधी है, कमरा दे दो तो मेहरबानी."

"सीधी नको, हुशार हवी," तुम्ही म्हणालात. "आणि आडनाव मराठी आहे, तर माझ्याशी मराठीत बोला की."

बाबा इतके लाजले की पेटी तिथेच ठेवून पान खायला गेले. आम्ही घरात बोलायचो ती मराठी म्हणजे अर्धी माळवी, अर्धी हिंदी. शाळा हिंदी. मराठी लिहायचीही असते हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. दर रविवारी एक पान लिहायचं आणि मग पोहे मिळायचे. पान वाईट झालं की तुम्ही पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरायचातच नाही, आणि मी काही विचारलं तर म्हणायचात, "जसं लेखन तसं खाणं." आज हे लिहू शकते आहे ते त्या पानांच्या जोरावर. अजूनही वाटतं, एखादं वाक्य वाकडं झालं की खांद्यावरून तुमचं लाल पेन पुढे येईल.

आणि तो दोरा. माझ्या दंडावर आईने बांधलेला काळा दोरा होता, सांवेरच्या कुठल्याशा बाबाकडून आणलेला. कॉलेजच्या पहिल्या परीक्षेच्या सकाळी तो तुम्हाला दिसला.

"पेपर कोण लिहिणार आहे, तू की हा?"

"काकू, असू द्या ना."

"असू दे तर असू दे. पण पास झालीस की मग पेढे त्याला."

मी रडकुंडीला आले. तुम्ही तो तोडला नाहीत. नखाने हळूहळू गाठ सोडवलीत, दोरा काडेपेटीत घातलात आणि काडेपेटी फ्रीजवर ठेवलीत. "संध्याकाळी परत घे. मी काही फेकत नाहीये. पण दोऱ्याने काही होत नाही, पूनम. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. एवढं एक शिकलीस तरी तुझी डिग्री झाली असं मी धरेन."

संध्याकाळी मी तो मागितला नाही. काडेपेटी तुमच्या फ्रीजवर वर्षानुवर्षं होती. माझी डिग्री झाली, लॅबमधली नोकरी लागली, मनीषशी लग्न झालं. लग्नात तुम्ही आईच्या शेजारी बसलात आणि आईला इतकं हसवलंत की फोटोत तिचे डोळेच दिसत नाहीत. गेलेल्या माणसाला लिहिताना लोक म्हणतात की आभार मानायचे राहिले. माझे राहिले नाहीत. मी दर दिवाळीला मानायचे आणि तुम्ही दर दिवाळीला "नाटकं पुरे, चकली घे" म्हणायचात. राहिलंय ते दुसरंच. त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

दिवस गेल्याचं मी सगळ्यात आधी तुम्हाला सांगितलं, आईच्याही आधी. वाटलं होतं तुम्ही ओरडाल, मनीषला फोन करून मिठाई मागाल. तुम्ही खुर्चीत बसलात. पंख्याकडे बघत राहिलात. मग विचारलंत, "कितवा?"

"तिसरा लागलाय."

"इतक्यात कोणाला सांगू नकोस."

आणि आत गेलात. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी जमिनीवरून ओढल्याचा. मी उठणार तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात, छातीशी गाठोडं धरून.

डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. गाठोड्यात कापडाचे चौकोन होते, इस्त्री केल्यासारखे सरळ. इथल्या गिरण्या चालू होत्या तेव्हाचं कापड: निळ्या फुलांचं पॉपलिन, पिवळ्या ठिपक्यांची छीट, काकांच्या शर्टाच्या पट्ट्या, तुमच्या महेश्वरी साडीचा काठ. इतक्या वर्षांत ऊन लागलेलं नव्हतं, त्यामुळे रंग कालच्यासारखे ताजे होते. तो ताजेपणा मला बरा वाटला नाही, का ते तेव्हा सांगता आलं नसतं. एक चौकोन उचलून मी खिडकीशी धरला. त्याच्या चारी कडांना बारीक भोकं होती, ओळीत. त्यांतून उजेड येत होता. दुसरा धरला, तिसरा धरला. सगळ्यांना तशीच भोकं.

"काकू, हे आधी कशाला जोडलेले होते का?"

"मशीन चालते का बघत होते."

"सगळ्या चौकोनांवर?"

"तुझ्या लॅबमध्ये पेशंट इतके प्रश्न विचारतात? सुई ओव."

मी सुई ओवली.

मग आपले रविवार तसे जायला लागले. जुन्या साड्यांचे थर जमिनीवर अंथरायचे, वर चौकोन मांडायचे, तुम्ही एका बाजूला, मी समोर. गोधडी कडेने सुरू करायची आणि आत आत यायचं. फेऱ्या लहान होत जातात आणि शेवटची गाठ मधल्या चौकोनावर पडते. "घरात शिरल्यासारखं," तुम्ही म्हणायचात, "आधी फाटक, मग अंगण, मग ओसरी." माझे टाके वाकडे पडायचे. "सांवेरची ना तू? तिकडे सुई धरत नाहीत, ट्रॅक्टरच धरतात वाटतं." मी हसायचे. मधला चौकोन कुठला लावायचा असं विचारलं की तुम्ही ऐकलंच नाही असं करायचात. पुन्हा विचारलं की, "नंतर बघू."

आणि मग ते सुरू झालं. एका रविवारी आले तर आदल्या वेळच्या फेऱ्या जागेवर नव्हत्या. मला वाटलं मीच चुकीचं आठवते आहे. पुढच्या वेळी शिवल्यावर फोटो काढून ठेवला. तरीही तेच. कापडावर टाक्यांच्या खुणा होत्या, दोरा नव्हता. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "तू बरोबर शिवत नाहीस, निघून जातात."

काकू, धावदोरा असा आपोआप निघून जात नाही.

मी घरी येऊन मनीषला सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा है, दोनों मिलके बच्चे की शादी तक सिल लेना." पण मला झोप लागेना. वाटलं, तुमचं विसरणं सुरू झालं. मी एका सकाळी तुमचं रक्त काढून नेलं, "रूटीन आहे" असं खोटं सांगून, आणि जे जे तपासता येतं ते सगळं तपासलं. थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, साखर, सोडियम. रिपोर्ट स्वच्छ आला. आणि मला जास्त भीती वाटली. कारण मग तुम्ही जे करत होतात ते समजून-उमजून करत होतात.

एका दुपारी लॅबमधून लवकर निघाले आणि न कळवता तुमच्याकडे आले. किल्लीने दार उघडलं. तुम्ही खिडकीजवळच्या पलंगावर बसला होतात, चष्मा नाकावर आलेला, हातात ब्लेडचं अर्धं पान. एकेक टाका कापून दोरा ओढत होतात आणि बोटाभोवती गुंडाळत होतात. किती नीट! कापडाला ओरखडाही नाही. मला पाहूनही थांबला नाहीत.

"हे काय करताय?"

"दिसतंय ना."

"मी दर रविवारी कंबर मोडून शिवते, काकू!"

"मग शीव की. शिवायला कोण नको म्हणतंय? पुरी करायची नाही."

"का पण?"

"बाळ यायच्या आधी बाळाचं काही पुरं करत नाहीत."

मला हसू आलं. खरंच वाटलं की तुम्ही आईची नक्कल करताय. फोनवर आई रोज हेच सांगायची: पाळणा बघू नको, टोपडी आणू नको, नाव तर बोलूच नको. "काकू, हे आईने म्हणायचं. तुम्ही नाही."

"तर मग आईचं ऐक. कधी तरी ऐकावं आईचं."

"आणि दोरा? दोऱ्याने काही होत नाही ना?"

ब्लेड थांबलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि इतक्या वर्षांत तुम्ही कधी तसं बघितलं नव्हतं. वर्गात उत्तर न आलेली मुलगी बघते तसं.

"वर्गात शिकवलेलं वर्गात ठेव," तुम्ही म्हणालात. "घरी येऊन मलाच वाचून दाखवू नकोस."

"पण तुम्हीच तर—"

"पोहे खाणार का?"

भांडण तिथे राहिलं. मी रागावून पोहे न खाताच निघाले, आणि तुम्ही जिन्यापर्यंत येऊन वरून ओरडलात, "रिक्षाने जा, स्कूटर नको!" पुढच्या आठवड्यात तुम्ही न्हाणीघराच्या दारात पडलात.

दवाखान्यात तुम्ही ते सांगितलंत. माझ्या चेहऱ्याकडे न बघता, पोटाकडे बघत.

"पुरी केली होती मी," तुम्ही म्हणालात. "आठव्या महिन्यात. सगळे नको म्हणत होते. मी नवी नवी शाळेत लागलेली, सायन्सची टीचर, मला सगळ्यांचं हसू यायचं. सासूबाईंच्या समोर बसून शेवटची गाठ मारली. दातांनी दोरा तोडला. घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, बघा, झालं का काही?"

सलाइन थेंब थेंब पडत होतं. मी बाटलीकडे बघत राहिले.

"दोन दिवसांनी हलायचं थांबलं."

"सासूबाई काय म्हणाल्या?"

"एक अक्षर नाही. मरेपर्यंत नाही. बोलल्या असत्या तर भांडले असते गं. भांडता येतं मला." तुम्ही चादरीची कड बोटांनी सरळ केलीत. "गोधडी मीच उसवली. कोणी सांगितलं नव्हतं. मधला चौकोन मोठा होता, तो त्याच्याबरोबर गेला. त्यातच गुंडाळलं. पुरला तेवढा."

म्हणजे त्या भोकांतून मी उजेड बघितला होता तो तिथून येत होता.

काकू, मला काय म्हणायचं होतं ते मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. मी ते शिकले आहे. तुम्हीच शिकवलं आहे. नाळ असते, रक्ताचा प्रवाह असतो, कधी कधी कोणालाही न कळणारं काहीतरी असतं. सुई-दोऱ्याचं तिथे काही चालत नाही. मी तोंड उघडलं आणि नर्स आली. "मॅडम, टाइम हो गया, बाहर चलिए." इंजेक्शनचा ट्रे घेऊन ती आपल्या दोघींच्या मध्ये उभी राहिली. तिच्या हाताखालून तुमचा हात आला आणि माझं मनगट धरलंत, आणि त्या शपथेचं बोललात. मी ठरवलं, उद्या येऊन शांतपणे सांगेन.

सकाळी फोन आला.

रंगपंचमीचा दुसरा दिवस होता. गल्लीतला रस्ता अजून लाल-हिरवा, गटारातून गुलाबी पाणी वाहत होतं. शववाहिनीची चाकं रंगून आली होती. मला तुमच्याजवळ जाऊ दिलं नाही. पोटुशी बाईने बघू नये म्हणे. तुमच्याच घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे मनीषच्या गाडीत काचा वर करून मला बसवलं होतं. तुम्हाला बाहेर आणलं तेव्हा शेजारच्या बाईंनी खिडकीसमोर उभं राहून मला आड केलं. चांगल्या मनानेच केलं. मला तुमचे पायसुद्धा दिसले नाहीत. आणि खरं सांगू? त्यांनी मला आड केलं तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. म्हटलं, बरं झालं, नाही बघितलं. काडेपेटीतला तो दोरा त्या क्षणी माझ्या दंडावर परत येऊन बसला.

तेराव्याला तुमच्या भाच्याने गाठोडं मनीषकडे दिलं. "मावशी म्हणाली होती, हे पूनमचं." मनीष हसऱ्या स्वभावाचा आहे, त्याला या सगळ्यावर विश्वास नाही. पण घर झाडताना त्याने ते दोनदा उचलून कपाटावर ठेवलं, जिथे माझा हात पोचत नाही.

मग ती सोनोग्राफी झाली. आई सांवेरहून राहायला आली. मी तिला गाठोडं खाली काढायला सांगितलं. तिने काढलं, मी सोडलं. तिने मधलं भोक बघितलं आणि हात मागे घेतला.

"हे घरात कोणी आणलं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत ऐकत होती. निवडून झाली तरी काड्यांतून पुन्हा पानं शोधत राहिली.

"मग तर बिलकुल नको करूस," शेवटी म्हणाली.

"आई, मी थांबले आणि बाळ नीट आलं, तर त्यांच्यावरचा आळ खरा होतो. मग ते बाळ त्यांनीच घालवलं असं ठरतं."

"त्या तर गेल्या. आता खरं काय आणि झूठ काय?"

"मी आहे ना. आणि आई, उद्या माझं काही झालं तर मी पण असंच काहीतरी शोधत बसेन. गोधडी नाही तर दुसरं. लॅबचा जिना चढले म्हणून, ग्रहणात भाजी चिरली म्हणून. चाळीस वर्षं. काकूंसारखी."

"असं नको बोलू. तोंडातून काढू नको."

"मम्मीजी," मनीष दारातून म्हणाला, "आप मना करोगे तो ये डबल स्पीड से करेगी." कोणी हसलं नाही. तोही नाही.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी थोडी थोडी शिवत होते, डाव्या कुशीवर उशी लावून. तुम्ही उसवलेल्या जागी तुमच्याच जुन्या भोकांतून सुई जात होती. ढकलावीसुद्धा लागत नव्हती. कापडाला वाट आठवत होती, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. टाका घातला की मी थांबायचे, पोटावर हात ठेवायचे, आत काही हललं की पुढचा टाका. आई समोर बसून माझ्या हाताकडे नाही, माझ्या पोटाकडे बघायची. सगळ्या फेऱ्या आत आल्या. मधलं भोक तेवढं राहिलं. त्याला लावायला कापड नव्हतं. तुमच्या घरी जाऊन तुमची एखादी साडी आणावी असं मनात आलं, पण आईला ते सहन झालं नसतं.

वरचं लिहून दोन दिवस झाले. आज सकाळी आईने तिची पिशवी उघडली. तिची जुनी हिरवी साडी काढली, धुऊन धुऊन जवळजवळ राखाडी झालेली. माझ्या जन्माच्या वेळी ती नेसली होती. पदराला दात लावला आणि चर्रकन फाडला. तो आवाज ऐकून मनीष स्वयंपाकघरातून धावत आला.

"मधे हे लाव," आई म्हणाली आणि तुकडा माझ्या उशाशी टाकला. "कोणी विचारलं तर सांग, आईने जबरदस्ती केली. जे होईल ते माझ्या नावावर."

"आई, कोणाच्याच नावावर नाही."

"तू लाव गं. मला नको शिकवू."

काकू, तुमच्या सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. माझी आई अक्षर न येणारी, पण ती बोलली. तेवढ्या एका वाक्यासाठी तुम्ही चाळीस वर्षं थांबला होतात, असं मला वाटलं आणि मी तोंड उशीत लपवलं.

दुपारी मधला चौकोन लावला. त्या तुकड्याला भोकं नव्हती, म्हणून सुई तिथे अडत होती, बोट दुखत होतं. ते दुखणं मला चाललं. सगळ्यात आतली फेरी पुरी केली. शेवटची गाठ मारली. कात्री शेजारीच होती, पण मी दातांनी दोरा तोडला.

आता ऐका. नर्स मध्ये आली म्हणून राहिलेलं वाक्य हे आहे: ते बाळ तुमच्यामुळे गेलं नाही. हे मी आज म्हणते आहे, गोधडी पुरी झालेली असताना, माझं बाळ अजून पोटात असताना आणि उद्याचं मला काहीही माहीत नसताना. बाळ हातात घेऊन म्हटलं असतं तर त्याला काही किंमत नव्हती. आणि काही वाईट झालं तर त्यानंतर मला ते म्हणवेल की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून आत्ता. तुमच्यामुळे नाही, काकू. तुम्ही फक्त एक गोधडी शिवली होतीत, आणि ती सुंदर होती. दोऱ्याने काही होत नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

गाठ मारल्यापासून ते हललेलं नाही.

एरवी या वेळेला जरा शांतच असतं आणि जेवल्यावर हलतं. जेवायचं, डाव्या कुशीवर व्हायचं, वाट बघायची, आणि नाही हललं तर लगेच निघायचं असं ठरलं आहे. मनीष गाडीची किल्ली मुठीत धरून दाराशी बसला आहे आणि मोबाइल बघत असल्याचं दाखवतो आहे. आईने ताट वाढून आणलं आहे. आज पहिल्यांदाच ती गोधडीला वळसा न घालता तिच्यावरून चालत आली, आणि ताट ठेवून तिथेच, मधल्या चौकोनावर बसली. वरण-भात आहे, वर तूप जास्त आहे.

मी जेवायला घेते.